वजन पुन्हा वाढले, मग पुन्हा ऑपरेशन करावे का?

चंदनसारहून शेअर रिक्षाने विरार स्टेशन, तिथून लोकलने मुंबई. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले वर्षभर हा प्रवास जड वाटत नाही. दर तपासणीला काटा खाली आलेला असतो, कपडे सैल झालेले असतात. चौथ्या-पाचव्या वर्षी काटा पुन्हा वर सरकू लागला, की तीच तारीख टाळावीशी वाटते. ‘डॉक्टर रागावतील’ ही भीती असतेच, शिवाय ‘एवढे पैसे घालून काय उपयोग झाला?’ असे घरातले बोलणेही ऐकावे लागते. तपासणी सुटते, वजन वाढत राहते आणि मग एक दिवस थेट दुसऱ्या ऑपरेशनची चौकशी सुरू होते.

अशी दुसरी शस्त्रक्रिया करता येते. मात्र त्याआधी वजन का वाढले, हे शोधायला हवे.

थोडी वाढ अपेक्षितच

इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींमुळे भूक आणि तृप्तीचे संदेश देणारी संप्रेरके बदलतात. पण शरीर गेलेले वजन परत मिळवू पाहते. भूक हळूहळू वाढते आणि विश्रांतीच्या वेळी जळणाऱ्या कॅलरी कमी होतात.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे काही किलो परत येणे हे ऑपरेशन फसल्याचे किंवा रुग्णाच्या आळसाचे लक्षण नव्हे. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात असतील, तर त्या काही किलोंसाठी पुन्हा टेबलावर जाण्याची गरज सहसा नसते.

कारण कुठे आहे?

पहिला शोध ताटात घ्यावा लागतो. लहान झालेल्या जठरात भाकरी, उसळ किंवा मटण थोडे खाल्ले तरी पोट भरते. चहा-बिस्कीट, फरसाण, आइस्क्रीम, उसाचा रस मात्र सहज खाली उतरतात. वसईची सुकेळी दिसायला लहान, पण साखरेने भरलेली. गाडी पकडायच्या घाईत सकाळचे खाणे सुटले आणि दिवसभर असे थोडे थोडे तोंडात जात राहिले, तर जठर लहान असूनही वजन वाढते. दुसऱ्या ऑपरेशनने ही सवय बदलत नाही.

दुसरा शोध औषधांच्या पिशवीत. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधे वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नयेत. पर्याय डॉक्टरांना विचारावा. थायरॉइड, झोप आणि मनावरचा ताण हेही तपासावे.

तिसरा शोध पोटात. एंडोस्कोपी आणि बेरियमच्या एक्स-रेमध्ये जठर किंवा जोड रुंदावला आहे का, व्रण किंवा अडथळा आहे का, हे दिसते. रक्तात लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि प्रथिने पाहतात. यातल्या बहुतेक रक्ततपासण्या विरारमध्येही होतात; अहवाल घेऊनच मुंबईला गेले, तर एक फेरी वाचते.

दुसरे ऑपरेशन कोणासाठी?

स्लीव्हनंतर औषधांनाही न जुमानणारी तीव्र आम्लपित्ताची जळजळ, न भरणारा व्रण, अन्न अडकणे, गंभीर कुपोषण ही ठोस कारणे आहेत. जळजळीसाठी स्लीव्हचे रू-एन-वाय बायपासमध्ये रूपांतर करतात. वजन बरेच परत आले आणि सोबत मधुमेहही उसळला, तरीही विचार होतो.

मात्र पोटात आधीचे व्रण आणि चिकटलेले ऊतक असल्याने हे काम अवघड असते. गळती, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, तर वजन सहसा पहिल्याइतके घटत नाही. म्हणून अशा पुनर्शस्त्रक्रियांचा अनुभव असलेला सर्जन शोधावा, पहिल्या ऑपरेशनची कागदपत्रे दाखवावीत आणि दुसरे मतही घ्यावे. आता आणखी एक पर्याय आहे. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात आले. वाढलेल्या वजनावर त्यांचा उपयोग होतो, पण ती महाग आहेत आणि बंद केल्यावर वजन परत येऊ शकते.

खर्चाचेही आधीच विचारावे. आरोग्य विम्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी साधारणपणे बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार अशी अट असते. दुसऱ्या ऑपरेशनला खर्च मिळेल का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

सतत उलट्या, काळी शौच, पोटात तीव्र वेदना किंवा पाणीही न उतरणे, यात मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठावे. बाकीच्यांनी सुटलेली तपासणी आधी पुन्हा सुरू करावी. काटा वर गेला, म्हणून तर डॉक्टरांकडे जायचे असते.