ट्रान्झिस्टर उडालेला नसतो, पाय चुकलेले असतात

“ट्रान्झिस्टर उडालाय. लॅमिंग्टन रोडवाल्याने खराब माल दिला.” विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की गिरगावपासून लालबागपर्यंत हे वाक्य ऐकू येतं. मग मुलगा पुन्हा लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच भडकमकर मार्गावर जातो, नवा बीसी ५४७ हा एनपीएन ट्रान्झिस्टर आणतो, तोही तसाच खोचतो आणि एलईडी काही लागत नाही. अहो, ओळीने तीन ट्रान्झिस्टर खराब निघतील कसे?

चूक बहुतेक वेळा पायांची असते. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दिसायला तसाच असलेल्या टूएन ३९०४चा क्रम नेमका उलटा.

“दोन्ही टोकं एन प्रकारचीच, उलटा लावला तर काय बिघडतं?” बिघडतं! एमिटरमध्ये अशुद्धी मुद्दाम जास्त मिसळलेली असते. उलटा लावला की गेन, म्हणजे प्रवाह वाढवण्याचं प्रमाण, पार घसरतो, एलईडी मिणमिणतो किंवा लागतच नाही. शिवाय डेटाशीट पाहा: कलेक्टर-एमिटरला ४५ व्होल्ट चालतात, पण बेस-एमिटरला उलट दिशेने फक्त ६. म्हणजे ९ व्होल्टच्या बॅटरीवर उलटा लावून चांगला नग आपणच खराब करू शकतो.

फेकण्याआधी तपासा. ट्रान्झिस्टर ब्रेडबोर्डवरून काढा, नाहीतर आजूबाजूचे रेझिस्टर मीटरला फसवतात. डिजिटल मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल प्रोब बेसवर. काळा आधी कलेक्टरला, मग एमिटरला लावा. दोन्हीकडे ०.६ ते ०.७च्या आसपास आकडा यावा. प्रोब उलटे केले की वहन नको. कलेक्टर-एमिटरमध्ये तर कुठल्याच दिशेने नको. एवढं जुळलं की नग बहुधा ठणठणीत. आकडा शून्याजवळ आला तर मात्र तो खरंच उडालाय. मग बेसला रेझिस्टर लावला होता का, ते आधी पाहा.

आणखी काही गैरसमज:

“दोन डायोड जोडले की ट्रान्झिस्टर होतो.” नाही. मधला बेस अतिशय पातळ असतो, म्हणूनच एमिटरचा प्रवाह कलेक्टरपर्यंत पोहोचतो.

“सुईच्या मीटरवर उलटं दिसलं, म्हणजे पीएनपी.” अशा बहुतेक मीटरांत ओहमवर काळा प्रोब धन असतो.

“बीसी ५४७चा गेन ठरलेला असतो.” डेटाशीटमध्ये ११० ते ८०० आहे, शेवटचं ए, बी, सी हे अक्षर गट सांगतं.

पालकांनो, शिक्षकांनो, चौथा ट्रान्झिस्टर आणायला पैसे देण्याआधी मुलाच्या हातात मीटर द्या. दोष कुठे आहे हे त्याने स्वतः शोधलं, तर प्रयोगाचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.