हाकेतले नाव

बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात सांगितले जाणारे नाव पुष्कळदा आजोबांचे असते. १७२० साली पेशवे बाळाजी विश्वनाथ निवर्तले. त्याच वर्षी जन्मलेल्या नातवाचे नावही बाळाजीच. ते दैवताचेही नाव असल्याने पितामहाचे स्मरण व ईश्वराचे नामस्मरण एकत्रच साधते. परंतु सुनेने सासऱ्यांचे नाव उच्चारू नये, असा संकेत असे. म्हणून अशा घरांत नाना, आप्पा ही हाकेची नावे रूढ झाली. हा बाळाजीही नानासाहेब म्हणूनच प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्यांच्या स्मरणार्थ नाव ठेवावयाचे, त्यांचेच नाव घरात ऐकू येत नसे! आज तो संकेत सैल झाला आहे. तेव्हा आजोबांचे नाव ठेवावे, ते हाकेतही आणावे, आणि ते आजोबा कोण होते, हे मुलास अवश्य सांगावे.