चौरस फूट न वाढवता वाड्याला नवी उभारी

पुण्यातला विश्रामबागवाडा १८०७ सालचा. सुरूच्या घाटाचे त्याचे लाकडी खांब आजही नजर खिळवून ठेवतात. राहत्या वाड्यांतही अशी श्रीमंती असते. फक्त ती रंगाच्या थरांखाली दडलेली असते.

सुरुवात भिंतींपासून. माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो.

मग कडीपाट. ऑइलपेंट हलक्या हाताने खरवडला की सागाच्या रेषा उजळतात. वर जवसाच्या तेलाचा हात पुरे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क हवाच.

कोनाड्यांत दिवे, फडताळात पुस्तकं. वायरिंग भिंत न फोडता पट्टीतून न्यावं.

मात्र आधी छपराची गळती काढा, मगच रंगाचं बघा!