जखमी घार आणि पुठ्ठ्याचा खोका

पनवेलच्या आकाशात सहज नजरेस पडणारा शिकारी पक्षी म्हणजे घार. मासळी बाजार आणि कचऱ्याचे ढीग यांवर ती दिवसभर घिरट्या घालते. खाडीकाठी पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार, माळावर कापशी घार, झाडीत शिक्रा, जुन्या इमारतींच्या खबदाडांत गव्हाणी घुबड, तर १९६८ साली स्थापन झालेल्या कर्नाळा अभयारण्यात सर्पगरुड आढळतो. यांतले बरेच पक्षी वस्तीला लागूनच राहतात. त्यामुळे जखमी पक्षी अनेकदा आधी दिसतो तो गच्चीवर खेळणाऱ्या मुलांना.

अपघाताची कारणे ऋतूप्रमाणे बदलतात. संक्रांतीच्या सुमारास मुख्य शत्रू म्हणजे मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी झाडांत अडकलेला धागा कुजत नाही. तो पुढे कित्येक महिने पक्ष्यांना कापत राहतो. खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेला कातडीचा पडदा त्याने फाटतो. हा पडदा पंखाची पुढची कड घडवतो. तो नीट जुळला नाही तर पक्ष्याला उडता येत नाही. घारींची वीण याच हिवाळी दिवसांत सुरू होते, म्हणून एका घारीच्या जखमेची झळ घरट्यालाही बसते. उन्हाळ्यात पाण्याअभावी पक्षी गळून पडतात, उडायला शिकणारी पिल्लेही खाली येतात. घुबडे रात्री महामार्गावर वाहनांना धडकतात.

अशा वेळी मुलाने पक्ष्याला हात लावायचा नसतो. घारीची चोच भीतिदायक वाटली, तरी खरे शस्त्र म्हणजे पंजा. वेदनेत असलेला पक्षी मदतीच्या हातातही नखे रुतवतो. मुलाने कुत्री-मांजरे आणि बघे यांना लांब ठेवावे, मोठ्यांना बोलवावे आणि खोका आणून द्यावा. मोठ्या माणसाने जाड कापड पक्ष्याच्या डोक्यासह अंगावर टाकून पंख मिटवावेत आणि त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. अंधार झाला की पक्षी शांत होतो. तारेच्या पिंजऱ्यात मात्र तो धडपडतो आणि उड्डाणपिसे मोडून घेतो.

पाणी पाजण्याचा मोह टाळावा. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी उघडे असते. चोचीत ओतलेले पाणी थेट श्वासमार्गात जाऊ शकते. दूध-पोळी तर त्याचा आहारच नव्हे. त्यानंतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असा पक्षी घरी पाळता येत नाही.

उडायला शिकणारे पिल्लू मात्र दर वेळी जखमी असतेच असे नाही. आई-बाप जवळच घिरट्या घालत असतील, तर मोठ्यांनी त्याला उंच, सुरक्षित जागी ठेवणे पुरते. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा समज चुकीचा आहे.

उपचार पशुवैद्यकाने करायचे असतात. दंडाचे पोकळ हाड अनेक पक्ष्यांत हवेच्या पिशव्यांशी जोडलेले असते, त्यामुळे उघड्या अस्थिभंगावर पाणी ओतणेही घातक ठरते. तुटलेले पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत पुन्हा येत नाही. त्यासाठी बहिरी ससाणे पाळणाऱ्यांची जुनी युक्ती वापरतात: गळून पडलेले जुळते पीस बांबूच्या काडीने तुटलेल्या पिसाच्या दांड्यात बसवतात. आहारात निव्वळ मांसाचे तुकडे चालत नाहीत. हाडांशिवाय कॅल्शियम मिळत नाही आणि पिल्लांची हाडे वाकतात. अख्ख्या भक्ष्यातली न पचलेली पिसे-केस पक्षी गोळी करून ओकून टाकतो; ती गोळी पचन सुरळीत असल्याची खूण असते.

उपचार केंद्रात मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलाला नोंदींचे काम देता येते. रोजचे वजन, खाल्लेले अन्न, पडलेली गोळी वहीत उतरली, की प्रकृतीचा कल आकड्यांत दिसतो. भांडी घासणे, रद्दी अंथरणे ही कामेही असतात. त्यानंतर हात साबणाने धुणे आवश्यक. पक्ष्याशी बोलणे, त्याला नाव ठेवून हाताने भरवणे मात्र वर्ज्य. लहान वयात माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते.

सोडण्याआधी पक्षी मोठ्या पिंजऱ्यात उडवून पाहतात. दोन्ही पंख सारखे चालतात का, तो वर चढू शकतो का, पंजाची पकड घट्ट आहे का आणि तो माणसापासून दूर पळतो का, हे तपासले जाते. या सर्व कसोट्यांना उतरलेला पक्षी शक्यतो सापडलेल्या परिसरातच, सकाळच्या वेळी मोकळा करतात, घुबडाला संध्याकाळी.