तक्त्यात नसलेला रकाना

थोरल्या नातीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात परवा बेंझीनचा षटकोन पाहिला आणि मला एकदम १९८८ साल आठवलं. बँकेत तेव्हा मी लघुउद्योगांची कर्जं पाहत असे. चपला-बूट करणाऱ्या एकाकडे मालतपासणीला गेलो होतो. कारखाना म्हणजे बिनखिडकीचा पोटमाळा. सहा कारागीर आणि मधोमध सोल्युशनचे उघडे डबे. गोडसर वास. दहा मिनिटांत माझं डोकं जड झालं.

"साहेब, सवय होते," एक पोरगा हसून म्हणाला.

मी तळवे मोजले, कातडं मोजलं, सही केली आणि खाली येऊन चहा प्यायलो. डब्यांत काय आहे, हे विचारलंच नाही. स्टॉकच्या तक्त्यात तसा रकाना नव्हता.

बेंझीनचं कूळ तसं सुवासिक. अरब व्यापारी सुमात्राकडच्या एका सुगंधी राळेला 'लुबान जावी' म्हणत. त्यातला लुबान म्हणजेच आपला लोबान. त्या जोडनावाचं युरोपात बेंझॉइन झालं. त्या राळेतून मिळणाऱ्या आम्लापासून मिट्शरलिखने १८३३ साली हे द्रव काढलं. त्याआधी, १८२५ साली, फॅरडेला ते दिव्यांच्या गॅसच्या भांड्यांत तळाशी साचणाऱ्या तेलात सापडलं होतं. केकुलेने १८६५ साली त्याची रचना मांडली. डुलकीत स्वतःचं शेपूट तोंडात धरलेला साप दिसला, ही गोष्ट मात्र त्याने सांगितली १८९० साली. (पंचवीस वर्षं मुरलेल्या गोष्टीवर कादंबरीकाराने कितपत विश्वास ठेवावा?)

तेल, मेण, रबर हे द्रव सहज विरघळवतं. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कॉफीतलं कॅफीनदेखील याने काढत. श्वासातून ते रक्तात जातं, शरीरात त्याचे दुसरे पदार्थ बनतात आणि हाडांतल्या मज्जेवर, जिथे रक्त तयार होतं तिथेच, घाव घालतात.

इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी हे चर्मकारांतच पाहिलं. तिथेही कोंदट खोल्या, तिथेही चिकटवायच्या द्रवात बेंझीन. १९७४ साली त्यांनी अशा २६ कारागिरांच्या रक्ताच्या कर्करोगाची नोंद छापली. म्हणजे मी तळवे मोजत होतो, त्याच्या चौदा वर्षं आधी.

आमच्या पोटमाळ्यावर बेंझीनच होतं का, हे आता कोण सांगणार? तिसऱ्या तपासणीला त्या पोराच्या जागी दुसरा बसला होता. "गावी गेला," मालक म्हणाला. मी अहवालात 'कामगार : सहा' असं लिहिलं. कर्ज वेळेवर फिटलं.