ठसा किती जुना? चुन्याला विचारा

इंडोनेशियाला सुट्टीवर जाणारे बहुतेक जण बाली पाहून परततात. सुलावेसी बेटावरच्या मकास्सरपर्यंत गेलात, तर अर्धा दिवस मारोसजवळच्या लेआंग-लेआंगसाठी ठेवा. भातखाचरांतून सरळ उठलेले चुनखडीचे सुळके आणि त्यांच्या पोटात गुहा. लेआंग पेट्टाए पायथ्याशीच आहे. लेआंग पेट्टा केरेसाठी कड्यावर पायऱ्या चढाव्या लागतात. चढण थोडीच, पण दमट हवेत घामाच्या धारा लागतात.

वर भिंतीवर हात दिसतात. तळवा दगडावर टेकवायचा, भोवती लाल गेरू फुंकायचा आणि हात काढून घ्यायचा; कोरी राहिलेली जागा म्हणजे हा ठसा. शेजारी बाबिरुसा रंगवलाय. या रानडुकराचे वरचे सुळे नाकाड फोडून वर वळतात!

फान हेकेरेन या डच पुरातत्त्वज्ञाने 1950 मध्ये ही चित्रं नोंदवली. उष्ण कटिबंधात रंग दहा हजार वर्षांपलीकडे टिकणारच नाही, असं अभ्यासक पुढेही बराच काळ धरून चालले होते. तपासणार तरी कसं? गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. त्यात कार्बनच नाही, मग कार्बन-14 पद्धत निरुपयोगी.

उत्तर मिळालं ते चित्रावर साचलेल्या चुन्याच्या खरबरीत पुटकुळ्यांत. झिरपणारं पाणी युरेनियम विरघळवून आणतं. थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ताज्या थरात युरेनियम असतं, थोरियम नसतं. पुढे युरेनियमचं थोरियम होत जातं आणि दोघांच्या प्रमाणावरून थराचं वय निघतं. चित्र त्या थराच्या खालचं, म्हणजे निदान तेवढं जुनं. (कोकणातल्या कातळशिल्पांवर असा थर नाही, म्हणून तिथे हा हिशेब जमत नाही.) याच रीतीने 2014 मध्ये लेआंग तिंपुसेंगमधला हात किमान 39,900 वर्षांचा ठरला. 2024 मध्ये लेआंग कारामपुआंगमधलं डुक्कर आणि माणसांसारख्या आकृत्यांचं चित्र किमान 51,200 वर्षांचं निघालं. चित्रकला युरोपात जन्मली, हा जुना समज आता मोडीत काढायला हरकत नाही.

पण ज्या दगडाने वय सांगितलं, तोच आता सोलला जातोय. पाऊस आणि कोरडा उन्हाळा आलटून पालटून आले की दगडातले क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि रंगासकट पापुद्रे सुटतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 11 ठिकाणांच्या अभ्यासात हे नुकसान हवामानबदलाने वाढत असल्याचं दिसलं. जायचं तर जून ते सप्टेंबरच्या कोरड्या महिन्यांत जा, आणि भिंतीला बोटही लावू नका.