संशोधनाची शिफारस शेतापर्यंत पोहोचताना

मुंबईच्या गिरगावात आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी अशी नावे असलेल्या वस्त्या आहेत. कधीकाळच्या बागायतीची एवढीच खूण आता तेथे उरली आहे. यांपैकी फणसवाडीतील एका चाळीत माझे मामा राहतात. नोकरीतून निवृत्त झाले आहेत. रायगड जिल्ह्यात गावी त्यांचे सहा गुंठ्यांचे भातखाचर आहे. जुलैत लावणीला आणि पुढे कापणीला ते गावी जातात. एरवी शेती धाकटा भाऊ पाहतो. बी कोणते आणायचे, खत किती घ्यायचे हे मात्र फणसवाडीच्या खोलीत ठरते. कोकणातील बऱ्याच शेतीचा कारभार असाच चालतो, हे कोकणातील वाचकांना सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मामांचा फोन आला. "अरे, तुमच्या त्या खताच्या गोळ्या घातल्या या वर्षी. काही रोपं काळीभोर झाली, बाकीची होती तशीच. पैसे पाण्यात गेले की काय?"

मी कृषिविद्या शिकवतो. युरिया-डीएपी गोळ्यांवर वर्गात एक पूर्ण तास घेतो. म्हणून सुटीत फणसवाडीला गेलो आणि मामांना ही माहिती कोठून मिळाली ते पाहिले. एका प्रदर्शनात मिळालेली घडीपत्रिका त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यात लिहिले होते: 'भातास युरिया-डीएपी ब्रिकेट्स हेक्टरी ६२,५०० याप्रमाणे द्याव्यात.' सोबत ओंजळीतील गोळ्यांचे छायाचित्र. एवढेच.

राहून गेलेल्या गोष्टी

गोळीची शिफारस एकटी नाही. चार सूत्री भात लागवडीतील ते चौथे सूत्र आहे. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले डॉ. एन. के. सावंत यांनी कोकणातील भातखाचरांसाठी ही पद्धत पुढे आणली. पहिले सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे : रोपवाटिकेत तुसाची राख मिसळणे आणि नांगरणीच्या वेळी भाताचा पेंढा जमिनीत गाडणे. दुसरे गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीपूर्वी गुंठ्याला सुमारे ३० किलो या प्रमाणात घालण्याचे. तिसरे नियंत्रित लावणीचे : खुणा केलेल्या सुधारित दोरीवर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून १५ व २५ सें.मी. अंतर ठेवून लावणी करावी. या अंतरामुळे चार चुडांचा १५ सें.मी. चौरस तयार होतो. चौथे सूत्र या चौरसाच्या मध्यावर, लावणीच्या दिवशीच, २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल खोचण्याचे.

आता वाचकांच्या लक्षात येईल की, तिसऱ्या सूत्राशिवाय चौथे करताच येत नाही. मामांनी लावणी नेहमीसारखी, मजुरांच्या हाताच्या अंदाजाने केली. चौरस कोठेच नव्हते. मग आठ दिवसांनी, युरिया फोकतात तशा गोळ्या खाचरात फोकल्या. गोळी जेथे पडली तेथील चार चूड हिरवेगार, बाकीचे पिवळट. फोनवर सांगितलेली काळीभोर रोपे ती हीच.

खोल का खोचायची, हे त्या पत्रिकेत एका वाक्यात सांगता आले असते. खाचरातील पाण्यात पृष्ठभागावर टाकलेल्या युरियापासून अमोनिया तयार होतो. त्यातील काही हवेत उडून जातो, काही पावसाच्या लोंढ्याबरोबर बांधाबाहेर जातो. चिखलाच्या अगदी वरच्या थरात थोडा प्राणवायू असतो. तेथे अमोनियाचे नायट्रेट होते, ते खाली झिरपते आणि प्राणवायू नसलेल्या थरात त्याचा वायू होऊन तेही निसटते. अशा रीतीने फोकून दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून अधिक भाग पिकाला मिळत नाही. गोळी मात्र मुळातच प्राणवायू नसलेल्या थरात बसते. तेथे अमोनिअम चिकणमातीच्या कणांना धरून राहते आणि मुळांना हळूहळू मिळते. फोकलेली गोळी म्हणजे जरा महाग पडलेला युरियाच.

राहिला ६२,५०० हा आकडा. सहा गुंठेवाल्याने त्याचे काय करायचे? हेक्टरी १०० गुंठे धरले तर गुंठ्याला ६२५ गोळ्या होतात. वजनात पावणेदोन किलोला थोडे कमी. मामांच्या खाचराला ३,७५० गोळ्या, म्हणजे सुमारे दहा किलो. त्यांनी पंचवीस किलोची पिशवी आणून सगळी रिकामी केली होती. हा भागाकार आम्ही करून दिला असता तर पंधरा किलो खत वाचले असते. आम्ही तो करीत नाही, कारण आमचे प्रबंध हेक्टरी लिहिले जातात आणि प्रबंधातला आकडा तसाच घडीपत्रिकेत उतरतो. हा दोष माझ्याही लेखनात आहे.

शिफारस येते कोठून?

कृषि विद्यापीठातील संशोधन राज्य शासन व भारतीय कृषि अनुसंधान परिषद यांच्या निधीतून, म्हणजे जनतेच्या पैशातून चालते. प्रयोग लहान वाफ्यांत घेतला जातो. प्रत्येक पद्धत तीन-चार वेळा वेगवेगळ्या वाफ्यांत करून पाहतात आणि साधारणतः तीन हंगाम निष्कर्ष तपासतात. कर्जतच्या केंद्रावर भातावरील असे काम १९१९ पासून सुरू आहे. निष्कर्ष टिकले तर ते राज्यातील चारही कृषि विद्यापीठांच्या संयुक्त कृषि संशोधन आणि विकास समितीच्या वार्षिक बैठकीत मांडले जातात. तेथे इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ उलटसुलट प्रश्न विचारतात आणि बऱ्याच शिफारशी 'आणखी एक वर्ष पाहा' म्हणून परत जातात. मान्य झालेली शिफारस पुढे विद्यापीठाच्या प्रकाशनांत येते, कृषि विभागाकडे जाते, आणि कृषि विज्ञान केंद्रे ती शेतकऱ्यांच्या शेतावर प्रात्यक्षिक घेऊन दाखवतात.

मूळ शिफारशीत जमीन, हंगाम, जात, अंतर, खर्च असे सर्व लिहिलेले असते. अहवालातून पुस्तिकेत, पुस्तिकेतून घडीपत्रिकेत, घडीपत्रिकेतून दुकानाच्या फळीवर येताना एकेक अट गळते. शेवटी फक्त वस्तूचे नाव उरते.

दुसरी गळती मला याहून गंभीर वाटते. ज्या प्रयोगात फरक आढळला नाही, तो शेतकऱ्यापर्यंत सहसा येतच नाही. समजा, एका फवारणीने उत्पादन हेक्टरी ४२ क्विंटलवरून ४५ क्विंटल झाले. वाचायला चांगले वाटते. पण प्रयोगाच्या तक्त्याखाली 'सी.डी.' म्हणून एक आकडा दिलेला असतो. दोन पद्धतींतील फरक त्याहून जास्त असेल तरच तो खरा मानायचा, नाहीतर जमिनीच्या चढउताराने आलेला योगायोग समजायचा. येथे सी.डी. ४ क्विंटल असेल तर त्या ३ क्विंटलला अर्थ नाही. फवारणीचा खर्च टाळा, हे सांगणे हादेखील संशोधनाचा उपयोगच आहे. ते वाक्य मात्र इंग्रजी अहवालात पडून राहते. कृषि विद्यापीठांचे अनेक प्रबंध आज 'कृषिकोश' या संकेतस्थळावर पाहता येतात, पण तेही बहुतेक इंग्रजीत. घरात कृषि पदवीधर मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना या कामाला लावावे.

पुण्याचा जुना प्रयोग

माहिती कशी पोहोचते यावरही आपल्याच राज्यात एक चांगले संशोधन झाले आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे व आसपासच्या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, ऐकल्यावर चर्चा करीत आणि शंका लिहून केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले. तुलनेसाठी काही गावे अशी घेतली होती की जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. कार्यक्रम तोच, आवाजही तोच. फरक चर्चेचा आणि उलट प्रश्नाचा होता.

लहानपणी मामांच्या चाळीत संध्याकाळी दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागे. सगळा मजला ऐके, पण पुढचा कार्यक्रम पाहायचा म्हणून! प्रश्न विचारायची सोय नव्हती आणि विचारावे असे कोणाच्या मनातही येत नसे. आज भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संदेशांची गत फारशी वेगळी नाही.

तेव्हा कोणतीही नवी शिफारस हाती आली की कृषि विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या संशोधन केंद्रावर पत्र लिहून वा प्रत्यक्ष जाऊन विचारावे : हा प्रयोग कोणत्या जमिनीत व किती हंगाम घेतला? याआधी काय करणे आवश्यक आहे? माझ्या इतक्या गुंठ्यांना किती लागेल आणि खर्च वजा जाता काय उरेल? अधिकाऱ्याला त्रास होईल असा संकोच बाळगू नये. खर्च आपलाच झालेला आहे.

पुढच्या वर्षी

त्या मे महिन्यात मी आणि मामांनी फणसवाडीच्या गॅलरीत नायलॉनची दोरी कठड्याला ताणून बांधली आणि तिच्यावर १५ व २५ सें.मी. अंतराने लाल चिंध्या गाठल्या. शेजारच्या खोलीतील आजी म्हणाल्या, "पतंगाचा मांजा करताय की काय?" सहापैकी एक गुंठा नेहमीच्या पद्धतीने लावावा, म्हणजे तुलना करता येईल, असे मी सांगितले. मामांना ते आवडले नाही. एका गुंठ्याचे भात मुद्दाम कमी का घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे. तरी त्यांनी तो ठेवला.

नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडचे भात वेगवेगळे झोडून, वजन करून त्यांनी मला पोस्टकार्ड पाठवले. दोरीवरच्या पाच गुंठ्यांत भात गुंठ्यामागे चांगलेच जास्त भरले होते. मात्र कार्डाचा बराच भाग तक्रारीने भरला होता. चिखलात वाकून तीन हजारांहून अधिक गोळ्या हाताने खोचायला त्यांना, भावाला आणि दोन बायांना पूर्ण दिवस लागला होता. गावात मजूर मिळत नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे तयार नाहीत. 'उभ्याने गोळी खोचायचे काही साधन तुमच्याकडे आहे काय? असल्यास सहा गुंठ्यांना परवडेल अशा किमतीत कळवावे.'

ते पोस्टकार्ड मी आमच्या कृषि अभियांत्रिकी विभागातील सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले आहे.